पायथन फोनवर नेताना

पायथनच्या सोर्स कोडचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. पहिला भाग सी भाषेत लिहिलेल्या गाभ्याचा. लिहिलेला प्रोग्राम वाचणारा, त्याचा बाइटकोड करणारा आणि तो बाइटकोड चालवणारा इंटरप्रिटर या गाभ्यात असतो. दुसरा भाग प्रमाण लायब्ररीचा. ती बहुतांशी पायथनमध्येच लिहिलेली आहे आणि फाइल उघडण्यापासून ईमेल पाठवण्यापर्यंतची कामे तिच्यात येतात. तिसऱ्या भागाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो बांधणीचा भाग आहे : 'कॉन्फिगर' नावाची हजारो ओळींची स्क्रिप्ट, मेकफाइल आणि त्यांचा परिवार. ज्या यंत्रासाठी पायथन बांधायचा त्या यंत्राची ही स्क्रिप्ट कसून चौकशी करते. अमुक फंक्शन आहे का, पूर्णांक किती बाइटचा, तमुक फाइल ठरल्या जागी आहे का, असे शेकडो प्रश्न ती विचारते आणि मिळालेल्या उत्तरांप्रमाणे सी कोडचा कोणता तुकडा घ्यायचा, कोणता गाळायचा हे ठरवते.

गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली पायथनची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा तिची मुख्य यंत्रे युनिक्सची. पुढे विंडोजची भर पडली. भाषा सी मध्ये लिहिलेली असल्यामुळे सी कंपायलर असेल तिथे ती जाईल, ही समजूत तेव्हापासूनची आहे आणि ती निम्मी खरी आहे. फोनवर पायथनचा प्रोग्राम चालवून दाखवणे २००४-०५ च्या सुमारासच जमले होते. अँड्रॉइड आणि आयओएस यांना पायथनच्या अधिकृत प्लॅटफॉर्मांच्या यादीत जागा मिळाली ती मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये, ३.१३ या आवृत्तीबरोबर. मधली जवळजवळ वीस वर्षे कुठे गेली, याचे अर्धेच उत्तर तंत्राच्या अडचणींत सापडते. उरलेले अर्धे, पोर्ट केलेला कोड कोणाच्या घरी राहतो आणि त्याची रोजची देखभाल कोण करतो, यात आहे. भाषा फोनवर एकदा चालली म्हणजे पोर्ट झाला, ही व्याख्याच अपुरी आहे. पुढची आवृत्ती आल्यावरही कोणाला काही वेगळे न करता ती तिथे चालली पाहिजे.

आधी तंत्राची बाजू. एरवी प्रोग्राम जिथे चालायचा तिथेच कंपाइल होतो. फोनच्या बाबतीत बांधणी होते लॅपटॉपवर आणि प्रोग्राम चालतो फोनवर. याला क्रॉस-कंपाइल करणे म्हणतात. कॉन्फिगर स्क्रिप्टची चौकशीची एक आवडती रीत आहे. सी मध्ये चार ओळींचा प्रोग्राम लिहायचा, कंपाइल करायचा, चालवून पाहायचा आणि उत्तर टिपून घ्यायचे. फोनसाठी कंपाइल केलेला प्रोग्राम लॅपटॉपवर चालवताच येत नाही, त्यामुळे ही रीत इथे बंद पडते आणि उत्तरे माणसाला आधीच लिहून द्यावी लागतात. 'पीटीएमएक्स' आणि 'पीटीसी' या दोन डिव्हाइस फाइल लक्ष्य-यंत्रावर आहेत की नाहीत, हे स्वतःच्या हाताने सांगितल्याशिवाय स्क्रिप्ट पुढे सरकत नाही, हा अनुभव पायथन क्रॉस-कंपाइल करणाऱ्या प्रत्येकाला आलेला असतो. शिवाय बांधणीच्या काही पायऱ्या पायथनच पार पाडतो. म्हणजे फोनचा पायथन बांधण्यासाठी त्याच आवृत्तीचा पायथन लॅपटॉपवर आधी बांधून तयार लागतो. हे सगळे कंटाळवाणे आहे, पण सुटणारे आहे. अवघड प्रश्न कंपाइल यशस्वी झाल्यानंतर सुरू होतात, कारण तेव्हा कोडमध्ये गृहीत धरलेल्या गोष्टी उघड्या पडतात.

नोकियाने सिरीज ६० फोनांसाठी केलेला पायथनचा पोर्ट याचे उत्तम उदाहरण आहे. तो २.२.२ या आवृत्तीवर आधारलेला होता. त्या फोनांवरची सिम्बियन ही कार्यप्रणाली डीएलएल प्रकारच्या लायब्ररींना एक सोपी वाटणारी गोष्ट करू देत नसे : बदलता येणारे स्थिर, म्हणजे प्रोग्राम चालू असेपर्यंत टिकणारे, व्हेरिएबल त्यांना ठेवता येत नसत. लायब्ररीचा कोड रॉममधून थेट चालावा आणि प्रत्येक प्रोसेसमागे स्मृती वाया जाऊ नये, हा त्यामागचा हिशोब होता. पायथनचा सी कोड मात्र अशा व्हेरिएबलांनी भरलेला. यादी, शब्दकोश, पूर्णांक यांसारख्या प्रत्येक प्रकाराची व्याख्या हीच मुळी एक स्थिर रचना होती आणि ती चालू प्रोग्राममध्ये बदलत राही. नोकियाच्या अभियंत्यांनी या सगळ्या गोष्टी उचलून एका मोठ्या रचनेत कोंबल्या आणि ती रचना थ्रेडच्या खासगी जागेत ठेवली. मूळ पायथनला तेव्हा या बदलाची गरज नव्हती. त्यामुळे तो बदल पोर्टपुरताच राहिला, आणि पायथनची प्रत्येक नवी आवृत्ती त्या पोर्टपासून आणखी एक पाऊल लांब गेली.

गंमत अशी की हाच प्रश्न पुढे मूळ पायथनपुढेही आला. एकाच प्रोसेसमध्ये एकमेकांपासून वेगळे असे अनेक इंटरप्रिटर चालवायचे ठरले, तेव्हा सर्वव्यापी व्हेरिएबले तिथेही आडवी आली. गाभ्यात विखुरलेली ही व्हेरिएबले वर्षानुवर्षांच्या कामातून निश्चित रचनांमध्ये गोळा केली गेली आणि २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत प्रत्येक इंटरप्रिटरला, एका वेळी एकच थ्रेड चालू देणारे, स्वतःचे कुलूप मिळाले. फोनच्या एका जुन्या बंधनाने दाखवलेला दोष मूळ भाषेने अशा रीतीने वेगळ्याच कारणासाठी, कितीतरी वर्षांनी दुरुस्त केला. पोर्ट करणारा माणूस कोडमधल्या लपलेल्या गृहीतांचा पहिला साक्षीदार असतो; त्याची साक्ष मूळ प्रकल्पापर्यंत पोचत नाही, हे नुकसान दोघांचेही असते.

लुआशी तुलना केली की हे आणखी स्पष्ट होते. रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली जन्मलेली ही भाषा पहिल्यापासून दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात राहण्यासाठी घडवलेली आहे. तिची सगळी स्थिती एका रचनेत असते, गाभा प्रमाणित सी मध्ये आहे आणि फाइल, प्रोसेस, वेळ या गोष्टी बाजूच्या लायब्ररींत ढकललेल्या आहेत. यजमान प्रोग्रामला नको असतील तर त्या वगळता येतात. म्हणून लुआ फोनवरच्या खेळांमध्ये सहज शिरली. पायथनची ख्याती याच्या उलट गुणावर उभी आहे. 'सगळे सामान सोबत' हे त्याचे ब्रीद, आणि त्या सामानातली निम्मी अवजारे मोकळ्या संगणकावर मालकी हक्काने वावरणाऱ्या माणसासाठी आहेत : दुसरा प्रोग्राम सुरू करणे, टर्मिनलवर रंगीत अक्षरे काढणे, दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने काम करणे. फोनवर ॲप हा भाडेकरू असतो. पायथनची अडचण या जागी आहे, आणि तिचे स्वरूप अँड्रॉइड व आयओएसवर वेगवेगळे आहे.

अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सचाच आहे, त्यामुळे तिथे पायथन नेणे सोपे असावे असे वाटते. पण सी लायब्ररी वेगळी आहे. लिनक्सच्या संगणकांवर सहसा ग्लिबसी असते, अँड्रॉइडवर बायोनिक. ती आटोपशीर ठेवलेली आहे, आणि तिच्यात फंक्शने टप्प्याटप्प्याने येत गेली. अंक व चलन लिहिण्याची स्थानिक रीत सांगणारे 'लोकेलकन्व्ह' २१ व्या एपीआय पातळीवर (अँड्रॉइडच्या आवृत्त्यांचा हा अंतर्गत क्रमांक) आले, तर 'एनएल_लँगइन्फो' थेट २६ व्या. ६४ बिटी प्रोसेसरांचा आधारही अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे एपीआय २१ पासूनच सुरू होतो. ३.१३ च्या अधिकृत पोर्टने किमान मर्यादा तीच धरली आणि ३२ बिटी फोन सोडून दिले, ते समजण्यासारखे आहे.

नसलेल्या फंक्शनाचा त्रास कमी, कारण ते कंपाइल होतानाच कळते. दिसणारे पण वापरता न येणारे फंक्शन जास्त घातक. अँड्रॉइड ८.० पासून प्रत्येक ॲपभोवती सेककॉम्पची चाळणी लागली : ठराविक सिस्टिम कॉल सोडून बाकीचे कॉल करणारी प्रोसेस कर्नल तिथल्या तिथे मारून टाकतो. वापरकर्ता बदलणारे 'सेटयूआयडी', मूळ निर्देशिका बदलणारे 'सीएचरूट' ही फंक्शने बायोनिकच्या हेडरमध्ये आहेत, लिंकही होतात. नेहमीच्या लिनक्सवर अधिकार नसताना त्यांना हाक मारली तर 'परवानगी नाही' असे उत्तर येते आणि पायथन त्याचा रीतसर अपवाद करतो. अँड्रॉइडवर मात्र ॲपच कोसळते. पायथनच्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये आता अशा फंक्शनांची वेगळी यादी आहे; ती अस्तित्वात असूनही नाहीत असे समज, एवढाच तिचा अर्थ. 'आहे का' या प्रश्नावर बेतलेल्या चौकशीला 'चालते का' हा प्रश्न असा मागाहून शिकवावा लागला.

त्याहून खोल फरक प्रोग्राम सुरू होण्याच्या पद्धतीत आहे. संगणकावर 'पायथन' नावाची चालवता येणारी फाइल असते. आपण कुठे आहोत यावरून ती प्रमाण लायब्ररी शोधते. अँड्रॉइडच्या ॲपमध्ये अशी फाइल नाही. तिथे जावाची प्रोसेस आधीच चालू असते आणि पायथन तिच्यात सामायिक लायब्ररी म्हणून चढवला जातो. जावा आणि सी यांच्यामधला पूल जेएनआय पुरवते. म्हणजे लायब्ररी कुठे आहे हे पायथनला बाहेरून सांगावे लागते. ही व्यवस्था नेटकी करणारा आराखडा २०१९ च्या ३.८ आवृत्तीत आला. लिंक करण्याची रीतही बदलते. लिनक्सवर सी मधले विस्तार-मॉड्यूल पायथनच्या फंक्शनांची नावे तशीच अर्धवट सोडते आणि चढताना ती मुख्य प्रोग्राममध्ये सापडतात. अँड्रॉइडवर ती तिथे सापडत नाहीत, म्हणून प्रत्येक मॉड्यूलला पायथनच्या लायब्ररीशी स्पष्टपणे जोडावे लागते. आणि एपीके या ॲपच्या गठ्ठ्यात भरलेल्या पायथनच्या फाइल या खऱ्या अर्थाने फाइल नसतात, त्या एका झिपमधल्या नोंदी असतात. पहिल्यांदा ॲप उघडले की त्या उलगडून ॲपच्या खासगी जागेत मांडाव्या लागतात.

काही अडचणी हसू आणणाऱ्या आहेत. पायथन शिकणाऱ्याची पहिली ओळ 'प्रिंट'ची असते. अँड्रॉइडच्या ॲपचा प्रमाण आउटपुट कुठेच जात नाही, त्यामुळे सगळा पोर्ट बिनचूक असूनही पहिला प्रोग्राम मुकाट संपतो. अधिकृत पोर्टमध्ये हा आउटपुट अँड्रॉइडच्या लॉगकडे वळवला आहे. टाइम झोनची माहिती अँड्रॉइड स्वतःच्या पद्धतीने एकाच फाइलमध्ये ठेवतो, तर पायथन प्रत्येक विभागाची वेगळी फाइल शोधतो. ती माहिती वेगळ्या पॅकेजमधून सोबत न्यावी लागते. अक्षरांच्या बाबतीत मात्र अँड्रॉइड सोयीचा निघाला. तिथे पायथन ३.७ पासून नेहमीच यूटीएफ-८ धरतो. विंडोजवर फाइलच्या देवनागरी नावाने ज्यांची झोप उडवलेली आहे, त्यांना या एका निर्णयाची किंमत कळेल.

आयओएसची कथा निराळी. मॅकओएसशी या प्रणालीचे घर एकच असल्याने सी कोड तुलनेने कमी कुरकुर करत कंपाइल होतो. आडवे येतात ते नियम. आयओएसच्या ॲपमध्ये सी मधून कंपाइल झालेला प्रत्येक तुकडा स्वतंत्र 'फ्रेमवर्क' म्हणून, ठरलेल्या फोल्डरमध्ये, सहीशिक्क्यानिशी असला पाहिजे, आणि एका फ्रेमवर्कमध्ये एकच तुकडा. पायथनची रीत नेमकी उलटी : पॅकेजच्या फोल्डरमध्येच, पायथनच्या फाइलींच्या शेजारी, कंपाइल झालेले मॉड्यूल पडलेले असते आणि 'इम्पोर्ट' तिथेच शोधते. यावर काढलेला तोडगा साधा आहे. मूळ जागी मॉड्यूलऐवजी फक्त पत्ता लिहिलेली एक छोटी मजकूर-फाइल ठेवायची, खरा तुकडा फ्रेमवर्कमध्ये हलवायचा आणि त्याच्याजवळ मूळ जागेचा उलटा पत्ता ठेवायचा. पायथनच्या इम्पोर्ट-यंत्रणेत त्यासाठी एक नवा लोडर घालण्यात आला. दहा वर्षे वेगवेगळ्या प्रकल्पांनी आपापल्या परीने केलेल्या युक्त्या या एका लोडरने निकालात काढल्या.

आयओएसवर ॲपला दुसरी प्रोसेस सुरू करता येत नाही, त्यामुळे 'सबप्रोसेस' आणि 'मल्टिप्रोसेसिंग' ही मॉड्यूले तिथे निकामी आहेत. सामान्य ॲपला चालू असताना नवा यंत्र-कोड तयार करून तो चालवण्याचीही मुभा नाही. लुआजिट ही लुआची वेगवान आवृत्ती आयओएसवर म्हणूनच तिच्या साध्या इंटरप्रिटरवर धावते. पायथन ३.१३ मध्ये प्रयोग म्हणून आलेल्या जिट कंपायलरलाही तिथे वाट नाही. ही बंधने सुरक्षेसाठी आहेत हे मान्य करूनही, त्यांच्यामागे व्यापारी हेतू कधीच नव्हता असे म्हणता येत नाही. २००९ साली कमोडोर ६४ चे एक अनुकरण-ॲप दुकानातून काढले गेले, कारण त्याच्या आत दडलेल्या बेसिकच्या इंटरप्रिटरपर्यंत वापरकर्ता पोचू शकत होता. एप्रिल २०१० मध्ये ॲपलने विकसकांच्या करारात कलम ३.३.१ बदलून ॲप मुळातच ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी++ किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले असावे अशी अट घातली. तिचा रोख ॲडोबीच्या फ्लॅशवर होता, पण झळ सगळ्याच भाषांना बसली. सप्टेंबर २०१० मध्ये ती अट सैल झाली : इंटरप्रिटर चालेल, पण त्याने बाहेरून कोड उतरवून घेऊ नये. आजचा नियम थोडाफार तसाच आहे. शिक्षणाच्या ॲपांना मर्यादित सूट आहे, तीही कोड वापरकर्त्याला पाहता आणि बदलता येत असेल तरच.

या नियमांचा सोर्स कोडवर थेट परिणाम कसा होतो, याचे २०२४ मधले उदाहरण बोलके आहे. पायथन ३.१२ च्या यूआरएल तोडणाऱ्या मॉड्यूलमध्ये ओळखीच्या यूआरएल-प्रकारांची एक यादी आहे आणि तिच्यात 'आयटीएमएस-सर्व्हिसेस' हा ॲपलचाच एक प्रकार समाविष्ट होता. ॲप स्टोअरच्या स्वयंचलित तपासणीला ही अक्षरे दिसली की ॲप नाकारले जाई. ॲपने ती कधी वापरली की नाही, हे तपासणी पाहत नव्हती. मूळ यादीतून ती अक्षरे सर्वांसाठीच काढावी की अशा तपासणीपुढे झुकूच नये, असा वाद झाला. शेवटी ३.१३ मध्ये बांधणीसाठी एक पर्याय ठेवण्यात आला; तो निवडला की असा मजकूर गाळला जातो, आणि आयओएससाठी तो आपोआप लागू असतो. ही तडजोड शहाणपणाची होती. भाषेचा सर्वसाधारण कोड एका दुकानाच्या मर्जीने बदलला नाही आणि त्या दुकानात जाऊ पाहणाऱ्यांची वाटही अडली नाही. मात्र भाषेच्या कोडमध्ये दुकानदाराच्या नियमांसाठी पहिल्यांदाच कायमची जागा करावी लागली, ही गोष्ट कोणत्याही तांत्रिक अडचणीपेक्षा जास्त विचार करायला लावणारी आहे.

इथवरच्या प्रत्येक अडचणीवर कोणी ना कोणी २०२४ च्या पुष्कळ आधी तोडगा काढलेला होता. गूगलमधल्या एका अभियंत्याने २००९ साली अँड्रॉइडसाठी स्क्रिप्टिंग लेयर आणला; त्यात पायथन २.६ होता. किव्ही या प्रकल्पाने पायथन-फॉर-अँड्रॉइड चालवला. आयपॅडवर २०१२ पासून पायथनिस्टा होते. चाकोपाय या साधनाने अँड्रॉइड स्टुडिओत पायथन मिसळण्याची सोय केली. ते आधी विकत होते आणि २०२२ मध्ये मुक्त झाले. रसेल कीथ-मॅगी यांच्या बीवेअर प्रकल्पाने दोन्ही फोनांसाठी पायथन बांधून दिला. या सर्वांकडे मूळ सोर्स कोडवर चढवायच्या पॅचांची स्वतःची गाठोडी होती. पायथनची नवी आवृत्ती आली की प्रत्येकाला आपले गाठोडे पुन्हा सोडायचे, कुठला पॅच आता बसत नाही ते शोधायचे आणि नव्याने शिवायचे. एकच काम चार ठिकाणी, दरवर्षी. यातला एखादा प्रकल्प थांबला की त्याच्या माहितीसकट तो पोर्ट इतिहासजमा होई.

असे पॅच मूळ प्रकल्पाने लगेच का सामावून घेतले नाहीत, याबद्दल तक्रारी पुष्कळ झाल्या. पण मूळ प्रकल्पाची बाजू दुबळी नव्हती. ३.६ आणि ३.७ च्या काळात अँड्रॉइडसाठीचे बरेच बदल खरोखरच आत गेले होते. अँड्रॉइडची एपीआय पातळी सांगणारे एक फंक्शन ३.७ मध्ये आले ते त्या लाटेतले. अधिकृत आधार मात्र जाहीर झाला नाही, आणि नियमित चाचणीचे यंत्र नसल्यामुळे ते काम अर्धवट राहिले. चाचणीविना पडून राहिलेला प्लॅटफॉर्मचा कोड कुजतो. गाभ्यात बदल करणाऱ्याला तो मोडल्याचे कळत नाही, आणि कळले तरी दुरुस्त करायला हाताशी फोन नसतो. म्हणून पायथनच्या पेप ११ या दस्तऐवजाने आधाराच्या तीन श्रेणी ठरवल्या. पहिल्या श्रेणीत लिनक्स, विंडोज, मॅक. त्यांच्यावर चाचणी फसली तर आवृत्तीच निघत नाही. तिसऱ्या श्रेणीत यायला निदान एका मुख्य विकसकाने जबाबदारी पत्करलेली असावी लागते आणि भरवशाने चालणारा बिल्डबॉट, म्हणजे आपोआप बांधणी आणि चाचणी करणारे यंत्र, असावा लागतो. तिथली मोडतोड आवृत्ती अडवत नाही.

२०२३ च्या अखेरीस कीथ-मॅगी यांनी आयओएससाठी पेप ७३० आणि चाकोपाय घडवणाऱ्या माल्कम स्मिथ यांनी अँड्रॉइडसाठी पेप ७३८ मांडला. दोघांमागे ॲनाकोंडा या कंपनीचे पाठबळ होते. हा तपशील दुर्लक्षण्यासारखा नाही : आधी कोणाला सुचले नव्हते असे या प्रस्तावांत फारसे काही नाही, फरक पडला तो पूर्णवेळ काम करणारी पगारी माणसे आणि सतत चालणारी चाचणी-यंत्रे मिळाल्यामुळे. सोर्स कोडमध्येच आता दोन्ही प्लॅटफॉर्मांसाठी चाचणीची छोटी ॲपे आहेत. पायथनची सगळी चाचणी-मालिका अशा ॲपच्या आत भरून सिम्युलेटर किंवा एम्युलेटरवर चालवली जाते. सिम्युलेटर हा खऱ्या फोनाइतका कडक नसतो, तेव्हा ही तपासणी परिपूर्ण म्हणता येणार नाही. तरी गाभ्यातल्या बदलाने फोनवरचा पायथन मोडला तर ते आता काही तासांत कळते, आणि पूर्वी ते पुढच्या वर्षी, दुसऱ्याच कोणाला, पॅच बसवताना कळत असे. दोन्ही प्लॅटफॉर्म ३.१३ मध्ये तिसऱ्या श्रेणीत आले. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ बरोबर अँड्रॉइडसाठी तयार बांधलेल्या फाइलही पायथनकडूनच मिळू लागल्या.

श्रेणी मिळणे म्हणजे कायमचे आसन नव्हे. ब्राउझरमध्ये पायथन चालवणारा एमस्क्रिप्टन हा प्लॅटफॉर्म ३.११ मध्ये तिसऱ्या श्रेणीत आला, ३.१३ मध्ये वगळला गेला आणि सांभाळणारे नवे हात मिळाल्यावर ३.१४ मध्ये परतला. फोनांच्या बाबतीत जमीन आणखी वेगाने सरकते. नव्या अँड्रॉइडसाठी बनवलेल्या ॲपांनी १६ किलोबाइटची स्मृती-पाने चालवून घेतली पाहिजेत, ही अट प्ले स्टोअरने नोव्हेंबर २०२५ पासून लावली. जुन्या बांधणीच्या सी लायब्ररी त्यासाठी पुन्हा लिंक कराव्या लागतात. असा बदल दर एक-दोन वर्षांनी येणारच.

गाभा फोनवर पोचला तरी पायथन वापरणाऱ्यांचे अर्धे जग पॅकेजांत असते. नमपाय, पँडाज यांच्यासारख्या पॅकेजांत भरपूर सी कोड आहे आणि तोही क्रॉस-कंपाइल व्हावा लागतो. दोन्ही पेपांनी फोनसाठीच्या तयार पॅकेजांची नावे कशी असावीत ते ठरवून दिले. पुढे सीआयबिल्डव्हील या प्रचलित साधनाने २०२५ मध्ये आयओएस आणि अँड्रॉइड यांची बांधणी सामावून घेतली. पॅकेज सांभाळणाऱ्याला आता लिनक्स-विंडोजच्या ओळींत आणखी दोन ओळी घालण्याची सोय आहे. त्या तो घालेल की नाही हा वेगळा प्रश्न. आपल्या पॅकेजमध्ये 'सबप्रोसेस'ला दिलेली एखादी जुनी हाक आयओएसवर कोसळते, हे त्याला कोणीतरी दाखवून द्यावे लागते, आणि विनामोबदला काम करणाऱ्या माणसाने आणखी एका प्लॅटफॉर्मचे ओझे का घ्यावे, याला सरळ उत्तर नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप घेतला जातो. अँड्रॉइडला कोटलिन आहे, आयओएसला स्विफ्ट आहे. त्या भाषा फोनसाठीच घडलेल्या, बॅटरीला आणि स्मृतीला सोसणाऱ्या आहेत. आक्षेपात तथ्य आहे. फोनवरचे नेहमीचे ॲप पायथनमध्ये लिहिण्याचे कारण बहुतेकांना सापडणार नाही, आणि इंटरप्रिटरसह प्रमाण लायब्ररी सोबत नेल्याने ॲपचा आकार फुगतो तो फुगतोच. पण ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे तपासून घेतलेला पायथनचा कोड आहे, मग तो हिशोबाचा असो, भूगर्भाच्या मोजमापाचा असो की आलेख काढणारा असो, त्यांच्यासाठी तो पुन्हा दुसऱ्या भाषेत लिहिणे म्हणजे नव्या चुका पदरात घेणे. पोर्टचे खरे ग्राहक ते आहेत.

दुसरा ग्राहक वाटतो तो विद्यार्थी. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन आहे, अभियांत्रिकीच्या वर्गांत तो आहे, आणि शिकणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी संगणक म्हणून जे यंत्र आहे ते अँड्रॉइडचा फोन. तालुक्याच्या गावातून शिकणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत हे जास्तच खरे. पण अधिकृत पोर्ट या विद्यार्थ्यासाठी नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. दोन्ही पेप पायथनला एखाद्या ॲपच्या पोटातला घटक मानतात. कोड टाइप करून चालवण्याची मोकळी जागा देण्याचा त्यांचा दावा नाही. ती जागा पायड्रॉइड ३ सारखी ॲपे किंवा टर्मक्स देतात. टर्मक्सची वाट अगदी वेगळी : फोनच्या आत एक छोटे लिनक्स उभारायचे आणि त्यात पायथन नेहमीसारखा, टर्मिनलसकट, चालवायचा. पण एपीआय २९ पासून, म्हणजे अँड्रॉइड १० पासून, त्या पातळीसाठी बनवलेल्या ॲपला स्वतःच्या लिहिता येणाऱ्या जागेतली फाइल प्रोग्राम म्हणून चालवण्यास मनाई आहे. टर्मक्सचे सगळे जगणेच त्या एका गोष्टीवर असल्याने त्याने एपीआय २८ हेच लक्ष्य धरून ठेवले आणि प्ले स्टोअरच्या अटींशी त्याचे पटेनासे झाले.